निळ्या धुराची परीक्षा

जुनी मोटार ही पुष्कळ घरांत नुसतें वाहन म्हणून उरलेली नसते. वडिलांनीं पैसा पैसा जमवून ती घेतलेली असते. तिच्यांतून मुलें परीक्षेला गेलेलीं असतात, सुना घरीं आलेल्या असतात आणि आजारी माणसें वेळेवर दवाखान्यांत पोंचलेलीं असतात. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड गांवीं आणि सातारा-सांगलीच्या मुलखांत अशा गाड्या आजही जपून ठेवलेल्या आढळतात. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० हीं त्यांतलीं ठळक नांवें. पद्मिनी बनण्याचें केव्हांच थांबलें. इतर दोघींचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें. म्हणजे त्यांतली सर्वांत तरुण गाडीदेखील आतां दहा वर्षांच्या पुढें गेलेली आहे.

अशा गाडीच्या मागें एके दिवशीं निळसर धूर दिसूं लागला म्हणजे घरांत मतभेद सुरू होतात. एकजण म्हणतो, “इंजिन गेलें, आतां विकून टाकावी.” दुसरा म्हणतो, “ऑइल घालीत राहूं, चालते आहे तोंवर चालूं द्या.” तिसरें मत गॅरेजमध्यें मिळतें, तें बहुधा “इंजिन खोलावें लागेल” असें असतें. प्रसंगपरत्वें हीं तिन्ही मतें बरोबर ठरतात. परंतु परीक्षा केल्यावांचून यांतलें कोणतेंही मत पत्करणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देण्यासारखें आहे. निळा धूर एवढेंच सांगतो कीं, वंगणाचें तेल जळत आहे. तें तेल कोठून आंत शिरतें, हें धुराचा रंग सांगत नाहीं. तें सांगते धुराची वेळ. ती वेळ टिपण्यासाठीं हत्यारें लागत नाहींत. थोडें लक्ष आणि एक-दोन दिवसांचा धीर असला कीं पुरे.

प्रथम इंजिनाच्या आंतली व्यवस्था ध्यानांत घ्यावी. इंजिनाच्या तळाशीं तेलाची पसरट पेटी असते; गॅरेजच्या भाषेंत तिला चेंबर म्हणतात. तेथून पंपानें उचललेलें तेल इंजिनाच्या सर्व हलत्या भागांना मिळतें. सिलिंडरमध्यें वर-खालीं होणाऱ्या पिस्टनच्या अंगावर खांचा असतात आणि त्यांत लोखंडी रिंगा बसविलेल्या असतात. वरच्या रिंगा स्फोटाचा वायु खालीं निसटूं देत नाहींत. सर्वांत खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचें जादा तेल खरवडून परत चेंबरमध्यें धाडते. तव्याला तेल लावून तें फडक्यानें पुसून घ्यावें आणि तरीही तव्यावर तेलाचा हात राहावा, तसा अत्यंत पातळ थर ती मागें ठेवते. तेवढा थर नसेल तर लोखंडावर लोखंड घासून इंजिन अडकेल; त्याहून जाड असेल तर तें तेल स्फोटांत जळेल.

तेलाला आंत शिरण्याची ही झाली खालची वाट. दुसरी वाट वरून आहे. सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्यें, हवा-पेट्रोल आंत घेणारे आणि जळका वायु बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांचे दांडे धातूच्या नळींतून वर-खालीं होतात. या नळीला गाइड म्हणतात. व्हॉल्व्ह हलविणाऱ्या यंत्रणेसाठीं हेडवर तेल खेळतें ठेवावें लागतें. तें दांड्यावरून खालीं ओघळूं नये म्हणून बहुतेक इंजिनांत दांड्यावर रबराची लहानशी टोपी बसविलेली असते. हेंच व्हॉल्व्हचें ऑइल सील. वर्षानुवर्षें उष्णता खाऊन हें रबर कडक होतें, चिरतें, आणि गाइड झिजली कीं तेल थेंबाथेंबानें सिलिंडरमध्यें उतरतें. तिसरी वाट श्वासनळीची. चेंबरमध्यें सांचणारा वायु बाहेर पडावा म्हणून इंजिनाला एक ब्रीदर असतो. त्याची नळी बहुधा हवेच्या फिल्टरला जोडलेली असते. ती तुंबली किंवा तिच्यांतून तेलाचे तुषार जाऊं लागले, तरीही शेवटीं तेल सिलिंडरमध्येंच पोंचतें.

या तिन्ही वाटांनीं जाणारें तेल किती थोडें असतें, हें एका सोप्या हिशेबानें समजेल. चार सिलिंडरांची एक गाडी १,००० किलोमीटरला एक लिटर तेल खाते असें धरूं या. ताशीं ६० किलोमीटर वेगानें हें अंतर तोडण्यास सुमारें १७ तास लागतात. इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळांत चारही सिलिंडरांत मिळून सुमारें ५० लक्ष स्फोट होतात. एक लिटर तेल त्यांत वांटलें तर प्रत्येक स्फोटाच्या वांट्याला घन मिलिमीटरचा पांचवा हिस्सा येतो. साध्या थेंबाचे अडीचशें भाग केले तर त्यांतला एक भाग होईल एवढेंच हें तेल. परंतु तेवढ्यानें रस्ता निळा होतो. म्हणून धूर दाट दिसला कीं इंजिनांत कांहीं तरी मोडलेंच, असा निष्कर्ष काढूं नये. मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाणारी झीजही त्यास पुरते.

हा धूर निळाच कां दिसतो, हा प्रश्न जिज्ञासूच्या मनांत येईल. तेलाचा रंग तर निळा नसतो. सिलिंडरमध्यें अर्धवट जळालेलें तेल वाफ होऊन बाहेर पडतें आणि थंड होतांना त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. प्रकाशांतील निळे किरण अशा कणांवर आपटून अधिक विखुरतात, तांबडे किरण बरेचसे सरळ निघून जातात. जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञानें अशा कणांवर प्रयोग केले आणि लॉर्ड रॅले यानें १८७१ सालीं या विखुरण्याचें गणित मांडलें. देवघराच्या अंधाऱ्या कोनाड्यांत उदबत्तीचा धूर निळा दिसतो, त्याचेंही हेंच कारण. यांतून एक व्यावहारिक धडा मिळतो. धूर पाहावयाचा तो काळसर भिंतीच्या किंवा झाडीच्या पार्श्वभूमीवर पाहावा. उजळ आकाशासमोर तोच धूर तपकिरी भासतो आणि पाहणारा फसतो.

रंगाचा घोटाळा टाळण्यासाठीं आणखी दोन धूर ओळखून ठेवावे. हिवाळ्यांत नदीकाठच्या गांवीं सकाळीं गाडी सुरू केली म्हणजे सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि लगेच हवेंत विरते. तिची काळजी करूं नये. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असलें, तर हेडच्या गॅसकेटमधून पाणी सिलिंडरमध्यें जात असण्याचा संभव आहे. पेट्रोलच्या गाडीचा काळा धूर इंधन जास्त झाल्याचें सांगतो. चोक अडकणें, कार्ब्युरेटर बिघडणें, हवेचा फिल्टर तुंबणें हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. शंका असल्यास मोकळ्या जागीं गाडी चालू ठेवून सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर कांहीं वेळ पांढरा कागद धरावा. कोरडी काजळी बसली तर इंधनाचा दोष. तेलकट ठिपके पडले तर वंगणाचा. बंद गॅरेजांत मात्र ही परीक्षा कधींही करूं नये. तेथें सांचणारा कार्बन मोनॉक्साइड वायु वास न देतां प्राण घेतो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरी आणि मोटारसायकली यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांच्या पेट्रोलमध्यें तेल मिसळावेंच लागतें. थोडा निळा धूर हा त्यांचा स्वभावच होय.

आतां धुराची वेळ. तिच्या तीन साक्षी घ्यावयाच्या असतात आणि त्यासाठीं दोन माणसें लागतात. एक गाडीवर बसणारें, दुसरें बाजूला उभें राहून मागें पाहणारें.

पहिली साक्ष सकाळची. गाडी रात्रभर उभी असावी. पहिल्यांदा सुरू करतांना निळा लोट उठला आणि मिनिटाभरांत नाहींसा झाला, तर दोष वरच्या वाटेचा समजावा. रात्रभर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून उतरलेलें तेल सिलिंडरमध्यें व व्हॉल्व्हच्या माथ्यावर सांचतें आणि सकाळीं एकदम जळतें.

दुसरी साक्ष उभ्या गाडीची. इंजिन नीट तापल्यावर तीन-चार मिनिटें तें जागच्या जागीं मंद चालूं द्यावें आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. दाबतांच एक लोट येऊन पुढें धूर स्वच्छ झाला, तर पुन्हां संशय सील आणि गाइड यांवरच जातो. पेट्रोल इंजिन मंद चालत असतां आंत जाणारी हवा जवळजवळ अडविलेली असते. म्हणून आंतल्या नळींतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो. ही ओढ झिजलेल्या गाइडमधून तेल चोखून घेते.

तिसरी साक्ष रस्त्याची. कराडकरांच्या हाताशीं यासाठीं निसर्गानेंच एक प्रयोगशाळा ठेविली आहे. कराडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता कोयनेच्या खोऱ्यानें पाटण, कोयनानगर, हेळवाक असा घाटमाथ्यावर पोंचतो आणि तेथून कुंभार्ली घाटानें एकदम कोकणांत उतरतो. उतरतांना जाणता चालक खालचा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर सोडून देतो. अशा वेळीं चाकें इंजिनाला फिरवितात, हवेची वाट बंद असते आणि आंतली ओढ सर्वांत तीव्र होते. पोफळीच्या बाजूला उतार संपून पुन्हां अ‍ॅक्सिलरेटर दाबला कीं आंत ओढलेलें सारें तेल निळ्या लोटाच्या रूपानें बाहेर पडतें. मागें पाहण्याचें काम सोबतच्या माणसानें करावें. चालकाची दृष्टि रस्त्यावरच हवी. परतीच्या वेळीं याच्या उलट घडतें. घाट चढतांना अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असतो, आंतली ओढ थोडी असते, परंतु स्फोटाचा दाब मोठा असतो. त्या वेळीं अखंड निळा धूर येत राहिला आणि गाडीला पूर्वींची ताकद नसली, तर दोष खालच्या वाटेचा, म्हणजे रिंगा आणि सिलिंडर यांचा, असें मानण्यास जागा होते.

एक सावधगिरी येथें अवश्य बाळगावी. घाट उतरल्यावरचा लोट एकट्यानें निर्णायक ठरत नाहीं. कारण तेल खरवडणारी रिंग झिजली किंवा अडकली असेल, तर तीव्र ओढीनें खालूनही तेल वर येतें. म्हणून तिला सकाळची साक्ष जोडून पाहावी. सकाळीं लोट आणि उतारानंतरही लोट, पण चढणीला धूर स्वच्छ, अशी गाडी बहुधा सील मागते. सकाळीं विशेष कांहीं नाहीं, पण चढणीला आणि वेगांत सतत धूर, अशी गाडी रिंगा मागते. तिन्ही वेळीं धूर असेल तर दोन्ही वाटा उघड्या झाल्या असें समजावें.

साक्षी घेतल्यावर जाग्यावरच्या स्वस्त तपासण्या कराव्या. ऑइलची पट्टी काढून तेल वरच्या खुणेच्या पुढें गेलें नाहीं ना, हें प्रथम पाहावें. जादा तेल भरल्यामुळें निळा धूर आल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. त्याचा उपाय जादा तेल काढून टाकणें एवढाच. पुढें ब्रीदरची नळी काढून साफ करावी. ती फिल्टरपासून सोडवून तिचें तोंड थोडा वेळ बाहेर बाटलींत ठेवावें. एवढ्यानें धूर कमी झाला, तर तेल श्वासनळीच्या वाटेनें जात होतें हें सिद्ध झालें. चालू इंजिनाचें तेल भरण्याचें टोपण सैल करून पाहावें. किंचित हवा लागणें स्वाभाविक आहे. आगगाडीसारखे भपकारे येऊं लागले, तर स्फोटाचा वायु रिंगांवरून खालीं निसटत आहे. शेवटीं सर्व प्लग काढून क्रमानें मांडावे. तीन कोरडे आणि एक काळा, तेलानें ओला असा देखावा दिसला, तर बिघाड एकाच सिलिंडरपुरता आहे आणि सारें इंजिन दोषी धरण्याचें कारण नाहीं.

यानंतर मिस्त्रीकडे जावें, तें हा सारा वृत्तांत घेऊन. अनुभवी मिस्त्री अशा मालकाचें स्वागतच करतो. “रिंगा घालायच्या आधीं कॉम्प्रेशन बघून घ्या, मिस्त्री,” एवढें एक वाक्य हजारो रुपये वांचवूं शकतें. कॉम्प्रेशनची तपासणी अशी : इंजिन तापलेलें असावें, सर्व प्लग काढावे, ठिणगीची जोडणी सोडवावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्लगच्या भोंकांत दाबमापक बसवून स्टार्टरनें इंजिन फिरवावें. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवावा. एका सिलिंडरचा दाब इतरांहून दहा-पंधरा टक्क्यांपेक्षां अधिक खालीं असेल, तर तेथें दोष आहे. अशा सिलिंडरमध्यें चमचाभर तेल सोडून पुन्हां मापावें. दाब एकदम वाढला, तर तेलानें रिंगांची फट तात्पुरती बुजविली, म्हणून दोष रिंगांचा. वाढला नाहीं, तर व्हॉल्व्हची बैठक किंवा गॅसकेट यांकडे पाहावें.

या परीक्षेची मर्यादाही ओळखावी. सील आणि गाइड यांच्या झिजण्यानें कॉम्प्रेशन कमी होत नाहीं. तसेंच वरच्या रिंगा चांगल्या आणि खालची तेलाची रिंग काजळीनें जाम, अशी स्थिति असली तर आकडे उत्तम येतात आणि तरीही गाडी तेल खाते. आकडे चांगले आले म्हणून धूर खोटा ठरत नाहीं. मात्र मोठ्या कामाची घाई नाहीं एवढें निश्चित कळतें.

उपायांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. गाडी कोयनेच्या पाणलोटांतल्या पावसाळ्यांत महिनोन् महिने उभी राहिली असेल, किंवा रोज घर ते बाजारपेठ एवढीच धांवत असेल, तर रिंगा झिजण्याऐवजीं काजळीनें खांचेंत अडकल्या असण्याचा संभव बराच असतो. अशा वेळीं प्लगच्या भोंकांतून काजळी सैल करणारें द्रव्य सोडून रात्रभर तसेंच ठेवावें. सकाळीं प्लग न लावतां इंजिन फिरवून तें बाहेर काढून टाकावें. ही पायरी चुकली आणि द्रव आंत असतांनाच प्लग लावून इंजिन सुरू केलें, तर कनेक्टिंग रॉड वांकण्याचें भय असतें. नंतर तेल बदलून गाडी लांबच्या प्रवासाला काढावी. हा उपाय दर वेळीं लागू पडतोच असें नाहीं. परंतु इंजिन खोलण्याच्या खर्चापुढें तो करून पाहण्याजोगा आहे.

सील बदलणें हें मधलें काम. रबराच्या टोप्यांची किंमत थोडी. मोल आहे तें कसबाचें. पुष्कळ इंजिनांत हेड न उतरवितांही हें काम होतें. प्लगच्या भोंकांतून दाबाची हवा भरून किंवा सुती दोर आंत सारून व्हॉल्व्ह वरच अडवून धरतात आणि स्प्रिंग काढून सील बदलतात. परंतु गाइड झिजलेली असेल तर नवें सील थोड्याच महिन्यांत जुन्यासारखें होतें. स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह आडवा हलवून पाहावा. दांडा गाइडमध्यें खुळखुळत असेल, तर हेड उतरवून गाइडा बदलणें आणि व्हॉल्व्ह घासून बसविणें हेंच शहाणपणाचें.

रिंगांचें काम सर्वांत खर्चाचें आणि त्यांतच फसगत अधिक. कित्येकदां जुन्या सिलिंडरमध्यें माप न घेतां नव्या रिंगा घातल्या जातात आणि चार महिन्यांनीं धूर परत येतो. मग मालक मिस्त्रीला दोष देतो आणि मिस्त्री सुट्या भागांना. खरें कारण असें कीं, सिलिंडर वरच्या बाजूला अधिक झिजतो. तो गोलही राहत नाहीं आणि सरळही राहत नाहीं. गोल रिंग लंबगोल भोंकांत बसणार कशी ? म्हणून सिलिंडरचें माप वर, मध्यें आणि खालीं, तेंही दोन दिशांनीं घ्यावें. झीज मर्यादेंत असेल तर भिंतीवरची आरशासारखी चकाकी घासून तिरकस, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडाव्या. या रेघांत तेल टिकतें आणि नव्या रिंगा बैठक घेतात. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. बोअरिंगवाले ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ असे आकडे बोलतात, ते इंचाचे हजारांश होत. रिंगेच्या दोन टोंकांमधील फटही मोजावी लागते. पद्मिनीच्या ६८ मिलिमीटर सिलिंडरला ती सुमारें पाव मिलिमीटर येते. ती अजिबात नसेल, तर तापून फुगलेली रिंग सिलिंडरमध्यें अडकते. फार असेल तर वायु निसटतो. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी फार ताणूं नये आणि फार वेळ नुसती मंदही चालूं ठेवूं नये.

डिझेलच्या जुन्या जीपा, ज्या या भागांत वडाप म्हणून पुष्कळ चालल्या, त्यांना हेच नियम लागू आहेत. फक्त दोन फरक आहेत. डिझेल इंजिनांत हवा अडविली जात नसल्यामुळें वरच्या वाटेची ओढ कमी असते, म्हणून संशय प्रथम रिंगांवर जातो. थंड इंजिनाचा पांढुरका-निळसर धूर न जळलेल्या डिझेलचाही असतो. तापल्यावर तो गेला तर नोझल आणि पंपाची वेळ तपासावी. टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोचें सील हीच तेलाची आणखी एक वाट होते. तेथें हयगय करूं नये. डिझेल इंजिन स्वतःचें वंगण इंधनासारखें पिऊं लागलें, तर किल्ली बंद करूनही थांबत नाहीं आणि वेग वाढवीत जातें. अशा वेळीं ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्यें क्लच सोडावा आणि इंजिन गुदमरवावें; तें न साधल्यास त्याच्यापासून दूर व्हावें.

आतां मूळ प्रश्नाकडे, गाडी ठेवावी कीं विकावी. यासाठीं मोजमाप हवें. सपाट जागीं थंड इंजिनांत तेल वरच्या खुणेपर्यंत भरावें, किलोमीटरचा आकडा लिहावा आणि हजार किलोमीटरनंतर खुणेपर्यंत आणण्यास किती तेल लागलें तें पाहावें. पाव-अर्धा लिटर लागलें आणि धूर सकाळीं क्षणभरच येत असला, तर जुन्या गाडीच्या बाबतींत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. दर आठवड्याला पट्टी पाहावी आणि सवडीनें सील बदलावीं. लिटरच्या पुढें गेलें, प्लग वरचेवर काळे होऊं लागले, चढणीला दम लागूं लागला, तर काम पुढें ढकलूं नये. धुरानें इंजिन मरत नाहीं. तेल संपल्याचें न कळल्यानें मरतें. खालच्या खुणेखालीं तेल गेलें आणि बेअरिंगा जळाल्या कीं सीलपुरतें असलेलें काम क्रँकपर्यंत पोंचतें.

जाड तेल किंवा धूर दाबणारीं औषधें घालून दिवस काढतां येतात, पण तीं झीज भरून काढीत नाहींत. जुनी गाडी विकत घेणारानें तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. गाडी पाहावयास जातांना ‘इंजिन थंड असूं द्या, आम्ही आल्यावर सुरू करूं’ असा निरोप अगोदर द्यावा. तरीही बॉनेट गरम लागलें, तर सकाळची साक्ष कोणी तरी आधींच पुसून टाकली आहे असें समजावें.

हा प्रश्न एका घराच्या खिशापुरताही नाहीं. तेलाचे हे सूक्ष्म कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसांत जातात, आणि ते घेणारीं माणसें बहुधा गाडींत नसतात. तीं मागून सायकलवर येत असतात किंवा रस्त्याकडेला भाजी विकत असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणें गाड्यांच्या धुराची वेळोवेळीं तपासणी व्हावी लागते, आणि खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं नव्यानें करून घ्यावी लागते. परंतु पेट्रोल गाडीची ती तपासणी उभ्या गाडीच्या वायूची असते. घाटांत निळी होणारी गाडी त्या यंत्रापुढें निर्दोष ठरूं शकते. प्रमाणपत्र हातीं आलें म्हणून मालकाची जबाबदारी सरत नाहीं. ज्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, त्यांत जळणाऱ्या तेलांतला फॉस्फरस त्या उपकरणालाही निकामी करीत जातो.

दुरुस्तीपेक्षां झीज लांबविणें केव्हांही स्वस्त. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्रि असे साखर कारखाने सुरू झाले म्हणजे कराडच्या चहूंबाजूंच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि शेतांतली माती धुळीच्या रूपानें हवेंत राहते. ही धूळ म्हणजे बारीक दळलेला दगड. फाटक्या किंवा सैल बसलेल्या फिल्टरमधून ती आंत गेली, तर रिंगा आणि सिलिंडर पॉलिश कागदानें घासावे तशीं घासलीं जातात. म्हणून ऊसतोडीच्या दिवसांत हवेचा फिल्टर पंधरा दिवसांनीं उघडून पाहावा आणि त्याची रबरी कड नीट बसली आहे ना, याची खात्री करावी. तेल वेळेवर आणि गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचेंच घालावें. गाडी फार दिवस उभी ठेवूं नये. आठवड्यांतून एकदां तरी ती पूर्ण तापेल इतकी चालवावी.

आणि एक लहानशी वही गाडींत ठेवावी. कोणत्या तारखेला किती तेल घातलें, धूर सकाळीं दिसला कीं चढणीला, कॉम्प्रेशनचे आकडे काय आले, एवढें तींत लिहीत गेलें, तर पुढचा मिस्त्री कोणीही असो, त्याला अंदाजानें इंजिन खोलण्याची वेळ येणार नाहीं. आणि घरांतल्या वादालाही निकाल देण्यास तीच वही पुरेल.